फोनला जोडलेली गाडी घेतलीत? मग आधी ही कुलपं तपासा

एप्रिलमधली सकाळ होती. नागपूरच्या मनीष नगरातल्या सोसायटीच्या वॉचमनने माझ्या मामेभावाच्या दाराची बेल वाजवली. "भाऊ, तुमची गाडी चालू होऊन राहिली, आत तर कोणीच नाही." खाली जाऊन पाहिलं तर खरंच इंजिन चालू, एसी चालू, चारही दारं बंद आणि चावी वर घरात, फ्रिजवरच्या टोपलीत. गाडी महिनाभरापूर्वीच घेतलेली, तीन वर्षं जुनी, पुण्याहून आलेली. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: हॅकर.

हॅकर नव्हता. पुण्यातल्या आधीच्या मालकाने त्याच कंपनीची नवी गाडी घेतली होती. त्याच्या फोनवरच्या ॲपमध्ये दोन्ही गाड्या दिसत होत्या आणि निघण्याआधी एसी सुरू करताना त्याचं बोट चुकीच्या गाडीवर पडलं. माणूस सज्जन होता. फोन केल्यावर ओशाळला आणि लगेच गाडी आपल्या खात्यातून काढून टाकली. पण त्या महिनाभरात आमची गाडी रात्री कुठे उभी असते, सकाळी किती वाजता निघते, वहिनी शाळेत कोणत्या रस्त्याने जाते, हे सगळं त्याला हवं तेव्हा पाहता आलं असतं. दारंही उघडता आली असती.

तेव्हापासून ओळखीत कोणी गाडी घेतली की मी त्यांना तासभर बसवून काही गोष्टी तपासायला लावतो. त्याच इथे क्रमाने लिहितो आहे. चालत्या गाडीचा ताबा दूरवरून घेता येतो, हे खरं आहे आणि सिद्धही झालं आहे. पण नागपुरातल्या साध्या मालकाला पहिला धोका त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर असतो: दुसऱ्याच्या नावावर राहिलेलं खातं, निष्काळजीपणे वापरलेला फोन आणि बाहेरून बसवलेला स्वस्त ट्रॅकर. माझा क्रम त्यावरूनच ठरला आहे.

आधी समजून घ्या: गाडीत इंटरनेट येतं कुठून

अशा गाडीत कारखान्यातच एक छोटा डबा बसवलेला असतो, त्यात ई-सिम, म्हणजे आतच पक्कं बसवलेलं मोबाईलचं सिम, असतं. तुम्ही घरी बसून ॲपवर 'एसी सुरू' दाबता, तेव्हा तो हुकूम थेट गाडीकडे जात नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, सर्व्हर खातं तपासतो आणि मग मोबाईल नेटवर्कवरून गाडीतल्या डब्याला सांगतो. म्हणजे दारं तीन झाली: तुमचा फोन, कंपनीचा सर्व्हर आणि गाडीतला डबा.

डब्याच्या पलीकडे गाडीचं आतलं जाळं असतं. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांची छोटी संगणकं एकमेकांशी ज्या तारांवरून बोलतात, त्या व्यवस्थेला कॅन बस म्हणतात. ती बॉश कंपनीने १९८० च्या दशकात तयार केली. त्या काळी गाडीला बाहेरचं कोणी बोलेल ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे हाक कोणी मारली हे विचारण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. जुन्या वाड्यात एकदा दिंडी दरवाजा ओलांडला की प्रत्येक खोली उघडीच, तसं काहीसं. नव्या गाड्यांत मध्ये एक गेटवे बसवतात, तो कोणता निरोप आत सोडायचा ते ठरवतो.

२०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी नेमकं हेच दाखवून दिलं. सेंट लुईसजवळच्या महामार्गावर एक पत्रकार जीप चेरोकी चालवत होता आणि हे दोघे मैलोन्‌मैल दूर, घरात लॅपटॉप घेऊन बसले होते. आधी एसी जोरात सुरू झाला, मग रेडिओ, मग वायपर आणि शेवटी ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना. कमी वेगात त्यांनी ब्रेकही निकामी करून दाखवले. त्यांचा शिरकाव झाला होता गाणी वाजवणाऱ्या टचस्क्रीनच्या यंत्रणेतून, मोबाईल नेटवर्कमार्गे. कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पुढच्याच वर्षी चीनच्या टेन्सेंट कंपनीतल्या संशोधकांनी टेस्लाचे ब्रेक दुरून लावून दाखवले. दोन्ही वेळा हे काम जाणकारांनी, कित्येक महिने खपून, धोका दाखवून देण्यासाठी केलं होतं. म्हणून रात्रीची झोप घालवायची गरज नाही. पण गाडीच्या टचस्क्रीनला नुसता टेप समजायचे दिवस गेले, एवढं यातून घ्यावं.

पायरी १: तुमची गाडी खरंच जोडलेली आहे का, ते पाहा

छतावर आरशाजवळ एसओएसचं, म्हणजे आणीबाणीत मदत मागायचं, बटण आहे का? कंपनीच्या ॲपवर गाडीचं ठिकाण दिसतं का? टचस्क्रीनच्या सेटिंगमध्ये सिम किंवा नेटवर्कचं चिन्ह आहे का? यातलं एक जरी असेल तरी गाडी जोडलेली आहे असं समजा. आपल्याकडे २०१९ हे वळणाचं वर्ष होतं. मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू, जूनमध्ये 'इंटरनेट कार' म्हणून एमजी हेक्टर आणि ऑगस्टमध्ये किया सेल्टॉस आली. त्यानंतर टाटा, महिंद्रा, मारुती, टोयोटा सगळ्यांनीच ही सोय दिली. खालच्या मॉडेलमध्ये ती बहुधा नसते, त्यामुळे शेजाऱ्याकडे आहे म्हणजे तुमच्याकडेही असेलच असं नाही.

फक्त ब्लूटूथ आणि अँड्रॉइड ऑटो असलेली गाडी स्वतः इंटरनेटवर नसते, तिथे इंटरनेट तुमच्या फोनचं असतं. तुमचं काम निम्म्याने कमी झालं. पायरी ५ मात्र तरीही वाचा.

पायरी २: जुनी गाडी घेत असाल तर खातं तुमच्या नावावर करून घ्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण कागदांबाबत काटेकोर असतो. २९-३० नंबरचे फॉर्म भरले का, बँकेची एनओसी आली का, विमा नावावर झाला का, गाडी एमएच ३१ ची आहे, ४९ ची की ४० ची, हे सगळं विचारतो. पण आरटीओत नाव बदललं म्हणून कंपनीच्या सर्व्हरवरचं नाव बदलत नाही. त्या दोन वह्या वेगळ्या आहेत आणि त्या एकमेकांना काही कळवत नाहीत.

मामेभावाने व्यवहार केला तेव्हा मध्यस्थाला ॲपबद्दल विचारलंही होतं. उत्तर मिळालं, "काऊन टेन्शन घेऊन राहिले भाऊ, कागद क्लिअर आहेत ना!" त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, असं मला वाटतं. २०१७ मध्ये आयबीएममधल्या चार्ल्स हेंडरसन या सुरक्षा तज्ज्ञाने जाहीरपणे सांगितलं होतं की, त्याने विकलेली गाडी काही वर्षांनंतरही त्याच्या फोनवर दिसत होती आणि तिची दारं तो उघडू शकत होता. विकण्याआधी त्याने गाडीतली स्वतःची माहिती नीट पुसली होती, तरीही. पुसलं होतं ते गाडीतलं, सर्व्हरवरचं तसंच राहिलं होतं.

म्हणून शेवटचा हप्ता हातात देण्याआधी, विकणारा समोर बसलेला असतानाच, ही कामं उरका. विकणाऱ्याला त्याच्या ॲपमधून गाडी काढायला सांगा आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याच्या घरातल्या इतर कोणाला ॲपमधून वापराची परवानगी दिली होती का तेही विचारा, कारण मुलाच्या फोनवर गाडी राहिलेली असू शकते. मग टचस्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट करा. विकणाऱ्याने जोडलेले फोन, घरचा पत्ता, कॉल केलेले नंबर सगळं पुसलं जाईल. त्यानंतर आरसी आणि ओळखपत्र दाखवून तुमच्या नावाने नवं खातं उघडा. विकणारा परगावी असेल किंवा फोन उचलत नसेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला चासी नंबर सांगून मालकी बदलल्याचं कळवा आणि आधीचं खातं तोडल्याचा ई-मेल किंवा मेसेज मागून घ्या. तोंडी "हो, झालं" यावर थांबू नका.

उलट बाजूही तितकीच खरी. तुम्ही गाडी विकत असाल तर हे सगळं तुम्ही करायचं. नाहीतर तुमच्या घराचा पत्ता आणि अर्धी फोनबुक परक्याच्या गाडीत फिरत राहील.

पायरी ३: खात्याला आणि फोनला कुलूप लावा

गाडीच्या ॲपचा पासवर्ड म्हणजे गाडीची दुसरी चावी. जो पासवर्ड शॉपिंगच्या साइटवर आहे तोच इथे ठेवू नका. एक साइट फुटली की चोर तोच ई-मेल आणि तोच पासवर्ड दहा ठिकाणी लावून बघतात. ॲपला वेगळा पिन मागता येत असेल तर तो सुरू करा आणि गाडीचा नंबर किंवा जन्मवर्ष हा पिन ठेवू नका. ज्या ई-मेलवर खातं आहे त्या ई-मेललाही दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते. शोरूममधल्या मुलाने डिलिव्हरीच्या गडबडीत त्याच्या सोयीचा पासवर्ड टाकून ॲप सुरू करून दिलं असेल, तर टेकडीच्या गणपतीला गाडी नेऊन आलात की त्याच संध्याकाळी तो बदला.

आता फोनबद्दल. व्हॉट्सॲपवर 'तुमच्या गाडीचं चलान कापलं आहे, पाहण्यासाठी ही फाईल उघडा' असा मेसेज येतो आणि खाली एपीके फाईल असते. ती उघडली की ॲप बसतं, येणारे एसएमएस वाचू लागतं आणि ओटीपी चोराकडे जातात. बँकेचा ओटीपी जातो तसाच गाडीच्या खात्याचाही जाऊ शकतो. आरटीओ किंवा वाहतूक पोलीस व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाहीत. चलान बघायचं असेल तर परिवहन खात्याच्या किंवा महाट्रॅफिकच्या अधिकृत ठिकाणी गाडीचा नंबर टाकून बघा.

आणखी एक सवय मोडायला हवी. नव्या गाडीचा फोटो टाकताना काचेखालचा चासी नंबर, आरसी किंवा शोरूमचं बिल त्यात येऊ देऊ नका. २०१६ मध्ये निसान लीफ या विजेवरच्या गाडीचं ॲप फक्त चासी नंबरावर चालत होतं, दुसरी पडताळणीच नव्हती. ट्रॉय हंट या तज्ज्ञाने ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधल्या ओळखीच्याच्या गाडीचा एसी, अर्थात त्याच्या संमतीने, सुरू करून दाखवला. कंपनीला ते ॲप बंद ठेवावं लागलं. २०२४ मध्ये तर संशोधकांना कियाच्या अमेरिकेतल्या यंत्रणेत अशी त्रुटी सापडली की, केवळ नंबर प्लेटवरून गाडी शोधता येत होती, तिची दारं उघडता येत होती आणि मालकाच्या नकळत खात्यात दुसरा माणूस घुसवता येत होता. त्यांनी कंपनीला कळवलं आणि ती बुजवली गेली. नंबर प्लेट तर आपण झाकू शकत नाही, आणि सर्व्हरची दुरुस्ती तुमच्या-माझ्या हातात नाही. पण खात्यात कोण कोण आहे ती यादी उघडून बघणं हातात आहे. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो, त्याच दिवशी ही यादी आणि टचस्क्रीनमधली जोडलेल्या फोनांची यादी बघायची, असं आम्ही घरात ठरवून टाकलं आहे. वर्षातून एकदा तरी हातून चुकत नाही.

पायरी ४: अपडेट टाळू नका

जीपच्या त्या प्रकरणात दुरुस्ती यूएसबीवरून करावी लागली होती. मालकांना पेनड्राइव्ह पाठवले गेले. टेस्लाने मात्र त्रुटी कळल्यावर साधारण दहा दिवसांत नेटवरूनच गाड्या दुरुस्त केल्या. म्हणजे अपडेट मिळणारी गाडी जास्त सुरक्षित, मालकाने ते घेतलं तर.

गाडीवर अपडेटची सूचना आली की घरी, सावलीत, बॅटरी नीट असताना आणि पुढचा तासभर कुठे जायचं नसताना ते करा. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढायच्या दहा मिनिटं आधी सुरू करू नका. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीतही नको. आधी गाडी थंड होऊ द्या. सर्व्हिसिंगला गाडी दिली की विचारा, "सॉफ्टवेअरचं काही अपडेट किंवा रिकॉल आहे का?" आणि केलं असेल तर जॉब कार्डवर लिहून घ्या. मेसेजमधल्या लिंकवरून किंवा कोणी दिलेल्या पेनड्राइव्हवरून अपडेट कधीच नाही.

पायरी ५: बाहेरून बसवलेला ट्रॅकर आणि डोंगल

गाडी जुनी आहे, इंटरनेट नाही, म्हणून निश्चिंत असलेले बरेच लोक इथे सापडतात. ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन-तीन हजारांत जीपीएस ट्रॅकर बसवून मिळतो. ड्रायव्हर ठेवलेला असतो, मुलगा नवीन शिकलेला असतो, म्हणून लोक तो घेतात आणि त्यांची काळजी रास्तच असते. पण दुकानदार सोबत एक रिले, म्हणजे हुकूम आला की जोडणी तोडणारा स्विच, जोडून देतो, "चोरी झाली तर फोनवरून इंजिन बंद करता येतं" म्हणून. म्हणजे इंजिन बंद करण्याचा अधिकार तुम्ही एका स्वस्त डब्याला दिला.

२०२२ मध्ये मायकोडस या चिनी कंपनीच्या एमव्ही७२० या ट्रॅकरबद्दल अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने इशारा दिला. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिचे १५ लाख ट्रॅकर १६९ देशांत वापरात होते. त्यात आधीपासून ठरलेला पासवर्ड होता १२३४५६ आणि इतर त्रुटी अशा की, परक्या माणसाला गाडीचं ठिकाण बघता यावं आणि इंधनही तोडता यावं. बाजारातला प्रत्येक ट्रॅकर तसाच असतो असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडचा कोणता आहे, हे विचारलंत तर बसवणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

ट्रॅकर हवाच असेल तर असं करा. मॉडेलचं नाव बिलावर घ्या. बसवून झाल्याबरोबर ॲपचा आणि एसएमएस हुकुमांचा, दोन्ही पासवर्ड बदला. दुसरा बदलायचा असतो हे अनेकांना माहीतच नसतं. ट्रॅकरमधलं सिम तुमच्या नावावर आहे ना ते बघा. आणि इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा, "रिले जोडू नका, फक्त ठिकाण दिसलं पाहिजे." चालत्या गाडीचं इंजिन वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर बंद पडलं तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. टॅक्सी किंवा बस चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाचा ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण लागतं, तिथे मान्यताप्राप्त यंत्रच घ्यायचं.

स्टिअरिंगखाली मेकॅनिक ज्या ठिकाणी स्कॅनर लावतो तो ओबीडी पोर्ट. त्यात कायमचं खुपसून ठेवायचे ब्लूटूथ किंवा सिमवाले डोंगल मिळतात, मायलेज दाखवणारे वगैरे. तो पोर्ट थेट आतल्या तारांपर्यंत पोहोचवतो. २०१५ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी अशाच एका डोंगलला नुसते एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक, कमी वेगात, लावून आणि निकामी करून दाखवले होते. डोंगल काम झालं की काढून ठेवा.

पायरी ६: बटणवाली चावी

हे इंटरनेटचं प्रकरण नाही, पण नव्या गाडीच्या चोरीत हा मार्ग जगभर वापरला जातो. खिशात चावी असली की दार उघडतं, अशा गाड्यांत एक चोर घराच्या दाराशी यंत्र धरून चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीपाशी तो सोडतो. गाडीला वाटतं चावी जवळच आहे. म्हणून चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकवू नका, आतल्या खोलीत ठेवा. सिग्नल अडवणारं पाऊच मिळतं, पण ते तपासून घ्या: चावी पाऊचमध्ये घालून गाडीजवळ जा, दार उघडलं तर पाऊच परत करा. स्टिअरिंगला लावायचं जुनं लोखंडी लॉक अजूनही उत्तम.

गडबड झालीच तर

गाडी चालू असताना काही विचित्र घडलं, वेग आपोआप बदलला किंवा पडदा वेडावाकडा वागू लागला, तर पहिला संशय बिघाडाचाच घ्या. कृती मात्र दोन्ही वेळा तीच. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरा, दाबत-सोडत बसू नका. गाडी न्यूट्रलमध्ये टाका, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, थांबल्यावर हँडब्रेक लावा. वेगात असताना इंजिन बंद केलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, म्हणून ते शेवटी. बटण स्टार्टची गाडी चालू असताना आणीबाणीत कशी बंद करायची, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. मॅन्युअलमधलं ते पान आजच काढून घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला दाखवा. समृद्धीवर असाल तर सगळ्यांनी बॅरिअरच्या पलीकडे उभं राहायचं आणि ११२ ला फोन करायचा.

उभ्या गाडीत काही झालं, दार आपोआप उघडलं, ॲपमध्ये अनोळखी नाव दिसलं, न केलेला प्रवास दिसला, तर घाईने सगळं पुसू नका. आधी पडद्याचे आणि ॲपचे फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा. मग पासवर्ड बदला आणि कंपनीला फोन करून दुरून हुकूम देण्याची सोय तात्पुरती थांबवायला लावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात करता येते. दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत परवानगीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार लिहिताना 'गाडी हॅक झाली' एवढंच लिहू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, गाडी कुठे उभी असताना, ॲपमध्ये नेमकं काय दिसलं ते लिहा आणि आरसीची प्रत, जॉब कार्ड, ट्रॅकरचं बिल सोबत जोडा. तक्रार क्रमांक हातात पडला आणि तपास अधिकाऱ्याने हरकत नाही असं सांगितलं, की मगच टचस्क्रीनचं फॅक्टरी रिसेट करा.